संविधानाची किल्ली कोणाच्या हाती? बाबासाहेब आणि घटनादुरुस्ती

निवडणूक जवळ आली की संविधान बदलणार का, हा प्रश्न चौकाचौकांत ऐकू येतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत तो सोलापूरच्या बुधवार पेठेपासून थेट दिल्लीपर्यंत गाजला. आपल्या तरुणांचा संताप खरा आहे आणि त्याला कारणही आहे. पण कोणते कलम बदलायला किती मते लागतात, कोणते कलम साध्या कायद्याने बदलते आणि कोणत्या बाबतीत राज्यांना विचारावे लागते, हे विचारले की भल्याभल्या कार्यकर्त्यांची उत्तरे अडखळतात. ज्या ग्रंथाच्या रक्षणाची शपथ आपण घेतो त्याचे कुलूप कसे उघडते, हे आपल्याला माहीत असलेच पाहिजे.

बाबासाहेबांचे चरित्र आपण महाड, काळाराम मंदिर, पुणे करार, नागपूर अशा टप्प्यांनी सांगतो. आज आम्ही तेच चरित्र वेगळ्या धाग्याने सांगत आहोत. नियम करण्याचा आणि बदलण्याचा अधिकार कोणाकडे असावा, हा प्रश्न या महामानवाने आयुष्यभर कसा हाताळला, एवढाच तो धागा आहे.

नियम दुसऱ्यांच्या हातात होते

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांना शाळेपासून कळत होते की आपल्यावर लादलेले नियम आपण केलेले नाहीत आणि ते बदलण्याची सोयही आपल्याकडे नाही. कोलंबिया आणि लंडनमधून अर्थशास्त्र व कायदा शिकून ते परतले आणि २० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. या सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी आपल्या सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. मुलांचे जेवण, कपडे आणि वह्या-पुस्तके यांचा भार सभेने उचलला. सोलापूर नगरपालिकेने त्याला दरमहा ४० रुपयांचे अनुदान मंजूर केले. रक्कम आज किरकोळ वाटेल. पण सार्वजनिक पैसा बहिष्कृतांच्या मुलांवर खर्च व्हायचा तर सभागृहात ठराव मंजूर व्हावा लागतो, हा धडा त्यात होता.

त्याच काळाने दुसरा धडाही दिला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला होता आणि महाड नगरपालिकेनेही तो स्वीकारला होता. तरीही चवदार तळ्याचे पाणी घ्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. कागदावरचा नियम लोकांच्या बळाशिवाय चालत नाही, हे महाडने शिकवले.

तिसरा धडा मुंबई कायदेमंडळातला. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी महार वतनाच्या गुलामीतून समाजाला सोडवण्यासाठी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. बाजू न्यायाची होती, युक्तिवाद बिनतोड होता. पण पाठीशी संख्या नव्हती. अखेर ते विधेयक मागे घ्यावे लागले. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ चा, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतरचा. साधा कायदा दुरुस्त करायला ज्याला इतका काळ वाट पाहावी लागली, त्याने पुढे देशाच्या संविधानाचे दुरुस्तीचे कलम सभागृहात मांडले आणि लढवले, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

देशाच्या पातळीवरचे चित्र याहून वेगळे नव्हते. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने प्रांतांना निवडून आलेली मंत्रिमंडळे दिली. मात्र त्या कायद्यात मूलभूत बदल करण्याचा अधिकार ब्रिटिश पार्लमेंटनेच आपल्याकडे ठेवला. घर आपले आणि किल्ली लंडनला, अशी ती अवस्था होती.

१९४७ : बाबासाहेबांना हवे असलेले कुलूप

संविधान सभेत बाबासाहेब प्रथम बंगालमधून निवडून गेले. जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी कष्ट घेतले. फाळणीमुळे ती जागा गेली आणि जुलै १९४७ मध्ये ते मुंबई प्रांतातून पुन्हा निवडून आले. त्याच वर्षी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने त्यांनी संविधान सभेसाठी स्टेट्स अँड मायनॉरिटीज हे निवेदन प्रसिद्ध केले. त्यातला राज्य समाजवाद सगळ्यांना ठाऊक आहे. पण अनुसूचित जातींच्या संरक्षणाला त्यांनी घातलेल्या कुलपाकडे फार कमी जणांचे लक्ष जाते.

ते कुलूप असे होते. संविधान अमलात आल्यावर पहिली २५ वर्षे या संरक्षणाला कोणी हात लावायचा नाही. त्यानंतर बदल हवा असेल तर सहा महिन्यांची आगाऊ सूचना द्यायची. लोकनियुक्त सभागृहाने ठराव मंजूर केला की ते सभागृह विसर्जित करून नव्याने निवडणूक घ्यायची. नव्या सभागृहात तोच ठराव जसाच्या तसा पुन्हा मांडायचा. तिथे त्याला एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश मतांबरोबरच स्वतंत्र मतदारसंघांतून आलेल्या अनुसूचित जातींच्या सदस्यांचीही दोन तृतीयांश मते मिळाली पाहिजेत. म्हणजे ज्यांचे हक्क त्यांच्या संमतीशिवाय ते काढता येणार नाहीत.

संविधान सभेने हे कुलूप स्वीकारले नाही. स्वतंत्र मतदारसंघही मिळाले नाहीत. सभागृहात बहुमत काँग्रेसचे होते. २९ ऑगस्ट १९४७ रोजी नेमलेल्या मसुदा समितीचे अध्यक्षपद बाबासाहेबांकडे आले, पण अध्यक्ष झाल्याने फेडरेशनचा जाहीरनामा संविधान होत नाही. जे सर्वांना मान्य होईल तेच कलमात उतरवता येत होते.

कलम ३६८ : ना मोकळे दार, ना भिंत

४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना बाबासाहेबांना एका आक्षेपाला उत्तर द्यावे लागले. मर्यादित मताधिकारावर निवडलेली ही सभा साध्या बहुमताने संविधान करते, मग प्रौढ मताधिकारावर येणाऱ्या उद्याच्या संसदेला दुरुस्तीसाठी दोन तृतीयांशाची अट का, असा तो आक्षेप होता. त्यांचे उत्तर मार्मिक होते. संविधान सभेला चालणारे संविधान करण्यापलीकडे स्वतःचा मतलब नाही. उद्याच्या संसदेत मात्र पक्ष असतील. एखादे कलम पक्षाच्या कार्यक्रमाच्या आड आले की ते कलमच काढून टाकण्याचा मोह त्यांना होईल. म्हणून अट हवी.

१७ सप्टेंबर १९४९ रोजी हे कलम चर्चेला आले. तेव्हा त्याचा क्रमांक ३०४ होता. अंतिम संविधानात ते ३६८ झाले. सुरुवातीची काही वर्षे दुरुस्ती सोपी ठेवावी, असे विदर्भाचे पंजाबराव देशमुख आणि आणखी काही सदस्यांचे म्हणणे होते. बाबासाहेबांनी संविधानातील तरतुदींची तीन प्रकारांत विभागणी समजावून सांगितली. ही विभागणी प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ हवी.

पहिला प्रकार साध्या बहुमताचा. नवे राज्य निर्माण करणे, राज्याची सीमा किंवा नाव बदलणे हे संसद साध्या कायद्याने करू शकते. राज्याचे मत मागवले जाते, पण ते बंधनकारक नसते. १ मे १९६० चा महाराष्ट्र असाच एका कायद्याने झाला. महाजन आयोगाने अक्कलकोटसारखा आपला भाग कर्नाटकाला द्यावा असे सुचवले होते. संसदेने तसे ठरवले असते तर त्याला कलम ३६८ ची गरजही पडली नसती. सोलापूरकरांनी हे उदाहरण विसरू नये.

दुसरा प्रकार विशेष बहुमताचा. मूलभूत हक्कांसह बहुतेक कलमे यात येतात. येथे दोन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात : सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमत, आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश. आजच्या ५४३ सदस्यांच्या लोकसभेत पहिली अट २७२ मतांची. ४५० जणांनी मतदान केले तर दुसऱ्या अटीसाठी ३०० मते लागतील. ३०० जणांनीच केले तर दोन तृतीयांश २०० होतात, पण २७२ शिवाय विधेयक मंजूर होणार नाही. राज्यसभेतही हीच पद्धत. दोन सभागृहांत मतभेद झाला तर संयुक्त बैठक घेऊन मार्ग काढता येत नाही. दोन्ही सभागृहांत स्वतंत्रपणेच जिंकावे लागते.

तिसरा प्रकार राज्यांच्या संमतीचा. राष्ट्रपतींची निवडणूक, केंद्र आणि राज्य यांच्यातली अधिकारांची वाटणी, सर्वोच्च व उच्च न्यायालये, संसदेतील राज्यांचे प्रतिनिधित्व आणि खुद्द कलम ३६८ यांना हात लावायचा तर विशेष बहुमतानंतर किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांनी मान्यता द्यावी लागते. आज २८ राज्ये आहेत, म्हणजे १४ हवीत.

सार्वमत नाही, वेगळी परिषद नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी याचा अर्थ स्पष्ट केला. ज्यांना संविधान नापसंत आहे त्यांनी दोन तृतीयांश मते मिळवावीत. प्रौढ मताधिकारावर निवडलेल्या संसदेत तेवढीही मते मिळत नसतील तर जनता त्यांच्या बाजूने आहे असे म्हणता येणार नाही. याची दुसरी बाजू आपण समजून घ्यायची आहे. दोन तृतीयांश मते ज्याच्याकडे आहेत त्याच्या हातात किल्ली आहे, मग त्याचा हेतू चांगला असो वा वाईट.

पहिली दुरुस्ती बाबासाहेबांच्या काळातच

संविधानात काना-मात्राही बदलू नये, असे आपल्यातले काही जण भावनेच्या भरात म्हणतात. इतिहास वेगळा आहे. संविधान लागू होऊन दीड वर्ष झाले नाही तोच पहिली दुरुस्ती झाली, आणि तेव्हा कायदामंत्री बाबासाहेबच होते.

मद्रास राज्यात महाविद्यालयीन प्रवेशासाठी जातनिहाय जागा ठरवणारा जुना सरकारी आदेश होता. चंपकम दोराईराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९५१ मध्ये तो रद्द ठरवला. नोकऱ्यांतील आरक्षणाला कलम १६(४) चा आधार होता, पण शिक्षणासाठी तशी तरतूद नव्हती. मद्रास प्रांतात पेरियारांच्या नेतृत्वाखाली आंदोलन पेटले. मे महिन्यात हंगामी संसदेत बाबासाहेबांनी दुरुस्तीचे समर्थन केले आणि १८ जून १९५१ रोजी ती अमलात आली. तिच्यातून कलम १५(४) आले. आज आपली मुले वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात राखीव जागेवर प्रवेश घेतात त्यामागे हेच कलम आहे. याच दुरुस्तीने जमीनसुधारणा कायद्यांना संरक्षण दिले आणि अभिव्यक्ती स्वातंत्र्यावरील निर्बंधांची कारणेही वाढवली, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. दुरुस्ती म्हटली की ती सगळीच चांगली किंवा सगळीच वाईट नसते. कलम उघडून वाचावे लागते.

सोलापूरचे मत आणि १९५२

हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. पुढच्याच निवडणुकीत मुंबईत त्यांचा पराभव झाला. संविधानाच्या शिल्पकाराला पहिल्या लोकसभेत जागा मिळाली नाही. त्या निवडणुकीत फेडरेशनचे देशभरातून फक्त दोन खासदार निवडून आले आणि त्यातले एक होते सोलापूरचे, पां. ना. राजभोज. दोन सदस्यांच्या सोलापूर मतदारसंघातल्या राखीव जागेवरून जनतेने त्यांना पाठवले. नगरपालिकेच्या ४० रुपयांपासून निघालेला हा प्रवास २७ वर्षांत लोकसभेपर्यंत पोहोचला होता.

बाबासाहेब राज्यसभेत गेले. तिथे १९५३ मध्ये अल्पसंख्याकांच्या संरक्षणावर बोलताना ते संविधानावर इतके संतापले की आजही विरोधक ते वाक्य संदर्भ तोडून फिरवतात. मार्च १९५५ मध्ये चौथ्या दुरुस्तीच्या चर्चेत त्यांनी संतापाचे कारण सांगितले : देवासाठी बांधलेल्या मंदिरात देवाआधी सैतानांनी बस्तान मांडले असेल तर दुसरे काय करणार? मालमत्तेचे कलम ३१ आपल्या समितीचे काम नव्हे, काँग्रेस नेत्यांमधल्या तडजोडीतून ते आले, हेही त्यांनी उघड केले. आपण लिहिलेल्या ग्रंथालाही त्यांनी पोथी मानले नाही.

त्यांच्या पश्चात

६ डिसेंबर १९५६ नंतर सुमारे शंभर दुरुस्त्या झाल्या. आपल्या समाजाच्या दृष्टीने तीन गोष्टी महत्त्वाच्या.

पहिली, आरक्षणाची दहा वर्षांची मुदत. ही मुदत कलम ३३४ मध्ये आहे आणि ती फक्त लोकसभा व विधानसभांतील राखीव जागांना लागू आहे. शिक्षण आणि नोकरीतील आरक्षणाला अशी मुदत कधीच नव्हती. राजकीय राखीव जागांची मुदत दर दहा वर्षांनी घटनादुरुस्ती करून वाढवली जाते. शेवटची वाढ १०४ व्या दुरुस्तीने २०३० पर्यंत झाली. तिला मान्यता देण्यासाठी जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाचे खास अधिवेशन भरले होते. त्याच वेळी अँग्लो-इंडियन समाजाच्या नामनिर्देशित जागांना मुदतवाढ दिली गेली नाही आणि त्या संपल्या. काहीही रद्द न करता केवळ मुदत न वाढवून हक्क कसा संपतो, याचे हे उदाहरण आहे. १९४७ च्या त्या कुलपाची आठवण इथे होते.

दुसरी, बौद्धांच्या सवलती. धर्मांतरानंतर केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीतून आपण बाहेर पडलो. १९५० चा आदेश १९५६ मध्ये शिखांसाठी आणि १९९० मध्ये बौद्धांसाठी दुरुस्त झाला. ती घटनादुरुस्ती नव्हती. कलम ३४१ नुसार संसदेने केलेला तो साधा कायदा होता. एकदा निघालेल्या यादीत फेरबदल करण्याचा अधिकार सरकारकडे न ठेवता संसदेकडे द्यावा, ही तरतूद बाबासाहेबांनीच मांडली होती. पण साध्या कायद्याने मिळालेली गोष्ट साध्या कायद्यानेच जाऊ शकते, हेही तितकेच खरे.

तिसरी, मूलभूत चौकट. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध ६ मतांनी निकाल दिला की संसद कोणतेही कलम दुरुस्त करू शकते, पण संविधानाची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. आणीबाणीतल्या ४२ व्या दुरुस्तीने संसदेला अमर्याद अधिकार देऊ केले होते. ते १९८० च्या मिनर्व्हा मिल्स निकालाने रद्द झाले. आज आपण ज्या भिंतीवर विसंबतो ती ही. ती न्यायाधीशांच्या एका मताच्या फरकाने उभी राहिली आहे, हे विसरून चालणार नाही.

आणि किल्ली किती वेगाने फिरते? आर्थिक निकषावर दहा टक्के आरक्षण देणारी १०३ वी दुरुस्ती ८ जानेवारी २०१९ रोजी लोकसभेत ३२३ विरुद्ध ३ मतांनी आणि दुसऱ्याच दिवशी राज्यसभेत मंजूर झाली. १२ जानेवारीला राष्ट्रपतींची सही झाली. पाच दिवसांत संविधान बदलले, आणि आपल्या बहुतेक शाखांना ते वर्तमानपत्रातून कळले.

संघाचा धडा

बौद्धांना हा प्रश्न नवा नाही. महापरिनिर्वाणापूर्वी तथागतांनी आनंदाला सांगितले होते की संघाची इच्छा असेल तर किरकोळ नियम सोडून द्यावेत. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत प्रश्न उभा राहिला की किरकोळ कोणते? एकमत होईना, तेव्हा संघाने कोणताच नियम न बदलण्याचा निर्णय घेतला. नियम बदलता येतो हे बुद्धांनी मान्य केले. तो संघाने एकत्र बसून, विचार करून बदलावा हेही त्यात आले. गणपूर्ती, प्रस्ताव आणि मतदान यांची रीत भिक्खुसंघाला ठाऊक होती, हे बाबासाहेबांनी संविधान सभेतल्या अखेरच्या मोठ्या भाषणात देशाला आठवून दिले होते. अनित्यता मानणारा माणूस न बदलणारे संविधान लिहीत नाही. पण एखाद्याच्या लहरीवर बदलेल असेही लिहीत नाही.

म्हणून तरुण मित्रांनो, संविधान बदलणार का, हा प्रश्न आता अधिक नेमका विचारू या. कोणते कलम? कोणत्या प्रकारात मोडते? लोकसभेत आणि राज्यसभेत मते किती? किती राज्यांची मान्यता लागेल? त्याने कोणाचा हक्क वाढतो, कोणाचा कमी होतो? दर २६ नोव्हेंबरला उद्देशिकेचे वाचन करतो त्यासोबत विहारात कलम ३६८ चेही वाचन व्हावे. दुरुस्तीचे विधेयक आले की ते मिळवून वाचायचे, आपल्या खासदाराला त्याने कसे मत दिले ते लेखी विचारायचे, आणि राज्याच्या मान्यतेची वेळ आली तर आमदाराला गाठायचे. २०३० पूर्वी राखीव जागांच्या मुदतीचा प्रश्न पुन्हा संसदेसमोर येईल. त्याची तयारी आजपासून हवी.

बाबासाहेबांना हवे होते ते कुलूप आपल्याला मिळाले नाही. मिळाली ती मताची किल्ली. १९५२ मध्ये सोलापूरने ती कशी वापरायची हे दाखवले होते. ती पुन्हा वापरता येईल इतके संघटन आपण उभे करणार की नाही, हे आपल्यालाच ठरवायचे आहे.

नमो बुद्धाय! जय भीम! जय संविधान!